नेलेल्यांच्या नावाचा पेला

मुर्तझा नेमका त्याच खुर्चीवर जाऊन बसला. पाहुण्यासाठी मांडलेल्या खुर्चीत मांजर झोपलं होतं, त्याला उठवणं त्याच्या जिवावर आलं, आणि शेजारची खुर्ची तर रिकामीच होती. पुढ्यात स्वच्छ ताटली, काठोकाठ भरलेला पेला, घडी घातलेला रुमाल. कुणालाही वाटावं, आपलीच वाट बघतायत.

वाट बघत होतेच म्हणा. चारशे वर्षं.

एतेरीआत्याच्या हातातली राजम्याची हंडी तिरकी झाली. गुराम पाव तोडता तोडता थांबला. टेबलाच्या टोकाला त्याचा थोरला भाऊ मालखाज उभा होता. मालखाज म्हणजे आमच्या पापुनाश्विली घराण्यातला कर्ता पुरुष, निवृत्त इतिहास मास्तर आणि सगळ्या खोऱ्यात नावाजलेला तमादा. पंगतीत कुणाच्या नावानं केव्हा पेला उचलायचा हे तमादा ठरवतो आणि त्याच्या शब्दाशिवाय कुणी घोटसुद्धा घेत नाही. त्या मालखाजचा आ वासला तो वासलेलाच राहिला.

"तिथं नको," त्याला घरी घेऊन आलेली गुरामची मुलगी नेस्तान कुजबुजली. "ऊठ. ती खुर्ची दुसऱ्याची आहे."

"कोणाची?"

"शाह अब्बासनं आपली माणसं धरून इराणात नेली ना, त्यांची. कधीतरी परत येतील म्हणून दर पंगतीला मांडून ठेवतात."

मुर्तझानं ताटलीकडं पाहिलं, पेल्याकडं पाहिलं आणि खुर्ची आणखी पुढं ओढून घेतली.

"म्हणजे आमुचीच कीं," तो म्हणाला.

आता यात नेस्तानची चूक नव्हती असं नाही. फोनवर तिनं बापाला सांगितलं होतं, मुलगा आपल्यातलाच आहे, मूळचा इथल्या कखेतीचाच, तिब्लिसी शहरात पाण्याचे पंप दुरुस्त करतो, घरचे जरा लांब राहतात. गुरामनं लांब म्हणजे डोंगरापलीकडं असं धरलं. मुलाचे पूर्वज आमच्याच खोऱ्यातून हाकलत नेलेले, चारशे वर्षं इराणातल्या फेरेदानच्या डोंगरांत राहिलेले, मुसलमान झालेले आणि तरी आपली भाषा घट्ट धरून बसलेले, हे ती सांगायची विसरली. म्हणजे विसरली नव्हती, पुढं ढकलत होती. ते तिनं द्राक्षांच्या मांडवाखाली, पंगत मांडल्यावर, एका दमात सांगून टाकलं आणि पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

आमचा कुत्रा तेवढा भुंकला. त्याचं नाव शाह. त्याच्या आधीच्या पाचही कुत्र्यांचं नाव शाहच होतं, कारण त्या नावाला रोज उठून हाड म्हणता यावं अशी आमच्या खापरपणजोबांची इच्छा होती.

"हाड, शाह!" मालखाज सवयीनं ओरडला आणि मग पाहुण्याकडं बघून कानकोंडा झाला.

"ओरडा जी," मुर्तझा अदबीनं म्हणाला. "तो आमुचाही कोणी नव्हे."

*

एतेरीनं त्या दिवशी चर्चमधून बाटलीभर तीर्थ आणून ठेवलंच होतं. पाहुणा कुठलाही असो, शिंपडलेलं बरं. आता तिनं तिब्लिसीच्या लिंबूपाण्यात चार थेंब टाकले, चीजभरल्या खाचापुरीवर टाकले, आणि भाऊ बघत नाहीत असं पाहून पाहुण्याच्या कोटावरही दोन उडवले. पाहुण्यानं वर पाहिलं. मांडवाला गळती लागली असेल असं त्याला वाटलं असावं.

एतेरी चौसष्ट वर्षांची होती. तिच्या पलंगाखाली चाळीस किलो पीठ आणि दोन पोती मीठ असायचं, कारण नव्वदनंतर लढाई पेटली, दिवे गेले आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा तिनं मनाशी जी गाठ बांधली ती कधी सोडलीच नाही. जे देवाला मानतात त्यांनाही पीठ लागतं, असं ती म्हणे. मुसलमान जावई ही गोष्ट तिच्या पिठामिठाच्या हिशेबात कुठंच बसत नव्हती.

"बाप्तिस्मा घेशील का रे?" तिनं पहिलाच प्रश्न विचारला.

"आत्या!" नेस्तान म्हणाली.

"विचारायला काय जातंय? तो नाही म्हणेल, मी रडेन, संपलं."

मुर्तझा नुसता ताटलीत बघत होता, आणि एतेरीचं लक्ष त्या ताटलीकडं गेलं. ताटली रिकामी होती. द्राक्षवेलीच्या निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस फिरत फिरत त्याच्यापर्यंत आलं होतं आणि तसंच पुढं गेलं होतं. राजम्यातही चरबीचा तुकडा घातलेला. शाह अब्बास आला, गेला. पण आपल्या अंगणात पाहुणा उपाशी बसलाय हे कुणी ऐकलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "चल माझ्याबरोबर."

परसात तिनं एक लठ्ठ कोंबडी धरली आणि त्याच्या हातात दिली, वर सुरीही दिली.

"हे बघ, तुमच्यात जसं कापतात तसं काप. काय म्हणायचं असेल ते म्हण. मी तिकडं तोंड करून उभी राहते, म्हणजे मला काही ऐकू आलं नाही असं देवाला सांगता येईल."

"आत्याबाई," मुर्तझा कोंबडी छातीशी धरून म्हणाला, "म्यां आजवर एकही कोंबडी कापिली नाहीं. मी पंप उघडितों."

"अरे, पुरुषासारखा पुरुष तू."

"ही माझ्याकडे पाहते आहे, आत्याबाई."

त्याच्या त्या बोलण्यानं एतेरी गडबडली. असं बोलणारं शेवटचं माणूस म्हणजे तिची पणजी, आणि ती जाऊन पन्नास वर्षं झाली होती. गावात आता असं कुणी बोलत नाही. या मुसलमानाच्या तोंडून पणजी बोलतेय की काय, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले. तेवढ्यात कोंबडी निसटून कुंपणावरून पलीकडं गेली. शेवटी अंड्यांवर तडजोड झाली.

अंडी फोडता फोडता एतेरीनं त्याला आर्शाकची गोष्ट सांगितली. ती तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती, पण परक्याला सांगणं सोपं जातं. आर्शाक सिग्नागी गावचा आर्मेनियन, घड्याळं दुरुस्त करायचा. तिला मागणी घालायला आला होता, एक्याऐंशी साली, याच मांडवाखाली. तमादा तिचे वडील होते.

"आमच्यात नाही असं तोंडानं म्हणत नाहीत," ती म्हणाली. "मुलगा पसंत असला की तमादा दोघांच्या नावानं पेला उचलतो. नसला तर नाही उचलत. एकेक पेला होतो, देशाचा, मेलेल्यांचा, पावसाचा, बैलांचासुद्धा होतो, आणि शेवटी सर्व संतांच्या नावाचा पेला झाला की पंगत उठते. आर्शाक एकोणीस पेले बसला. विसावा सर्व संतांचा झाला. मग त्यानं रुमालाची घडी घातली आणि गेला."

"त्याचें काय चुकलें?"

"काही नाही. ख्रिस्तीच होता, पण आमच्यासारखा नव्हता. दीड हजार वर्षांपूर्वी कुठल्याशा धर्मसभेत आमच्या आणि त्यांच्या धर्मगुरूंचं बिनसलं म्हणे. मी काय तिथं हजर होते?" तिनं अंडी जोरात फेटली. "मीठ किती घालू?"

पाच अंडी त्यानं पुसून खाल्ली. सहावं मागितलं. एतेरी त्या क्षणापासून त्याच्या बाजूची झाली, ते उघडपणे कबूल न करता.

*

इकडं गुराम मात्र फिरला होता.

सकाळपर्यंत सगळ्यात राजी तोच होता. बायको लामारा इटलीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला गेली त्याला नऊ वर्षं झाली. घरात जावई येईल, द्राक्षं काढायला दोन हात मिळतील, एवढंच त्याचं म्हणणं. पण पहिला पेला उचलला तेव्हा मुर्तझानं नुसता हात छातीवर ठेवला.

"घे की," गुराम म्हणाला.

"मी पीत नाहीं, जी."

"आजारी आहेस?"

"नाहीं."

"गोळ्या चालू आहेत?"

"नाहींत."

"मग गाडी चालवायचीय?"

"धर्म आहे, जी."

गुरामनं खूप विचार केला. "औषध म्हणून?" त्यानं शेवटचा उपाय करून पाहिला.

गुरामच्या तळघरात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले अकरा रांजण होते. नेस्तान जन्मली त्या सुगीला त्यानं सगळ्यात चांगल्या वेलींची वाइन कोपऱ्यातल्या रांजणात भरली होती आणि तोंडावर दगड ठेवून चिकणमातीनं लिंपलं होतं. तो रांजण तिच्या लग्नात उघडायचा होता. एकोणतीस वर्षं तो त्या दगडावर रोज सकाळी हात ठेवत आला. आता ज्याच्यासाठी ते सगळं, तो म्हणतो धर्म आहे. गुरामला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदमच.

तो मुर्तझाला तळघरात घेऊन गेला. नेस्तान मागोमाग गेली, कारण बापाच्या हातात कुदळ होती.

"हा," गुराम म्हणाला. "हा तुमच्या लग्नाचा. आता काय करू याचं? अंघोळ करू?"

मुर्तझा गुडघ्यावर बसला. त्यानं मातीच्या लिंपणावरून बोट फिरवलं, मग वाकून कान लावला.

"वास घेऊं कां?"

"वास? वास घेऊन लग्नं लागतात का?"

"बाबा, घेऊ दे की," नेस्तान म्हणाली.

"आमुच्या घरींही असे रांजण आहेत," मुर्तझा म्हणाला. "आजी दर शिशिरीं लिंपिते. राख मिसळून. तुम्ही राख मिसळीत नाहीं, म्हणून येथें फट पडली."

फट खरंच पडली होती, केसाएवढी. एकोणतीस वर्षांत गुरामच्या नजरेत न आलेली.

"तुम्ही... रांजण पुरता? तिकडं?" गुरामनं कुदळ भिंतीला टेकवली. "आणि आत काय घालता?"

"शिरका."

"व्हिनेगर!" गुरामला एखाद्यानं थोबाडीत मारावी तसं झालं. "चारशे वर्षं रांजण पुरायचा, राख कालवून लिंपायचा, आणि आत व्हिनेगर!"

पण वर येताना तो नेस्तानला हळूच म्हणाला, "राख मिसळतात म्हणे." आणि पुन्हा थोड्या वेळानं, "विसरले नाहीत बघ रांजण." तरी त्यानं होकार दिला नाही. मोठा भाऊ काय म्हणेल त्यावर सगळं होतं, आणि मोठा भाऊ अठराव्या पेल्यावर पोचला होता.

*

मालखाजला इतका घाम कधी फुटला नव्हता.

आमचा मालखाज तसा भित्रा नव्हे, फक्त दूरदृष्टीचा. त्याच्या दाराला तीन अडसर होते. अंगणाचं फाटक त्यानं मुद्दाम बुटकं ठेवलं होतं, घोडेस्वाराला वाकल्याशिवाय आत येता येऊ नये म्हणून. गॅसची टाकी आणणारा माणूस दर महिन्याला तिथं डोकं आपटायचा. सरकारनं गावापर्यंत डांबरी रस्ता करायचं ठरवलं तेव्हा यानं अकरा पानी अर्ज दिला, की रस्ते झाले की फौजा येतात, इतिहास साक्ष आहे. साहेब कंटाळले आणि रस्ता आमच्या वळणाच्या अलीकडंच थांबला. अजून तिथंच आहे.

आणि त्याचा तो पेला! शाहानं नेलेल्यांच्या नावाचा. चाळीस वर्षं तो प्रत्येक पंगतीत उचलायचा. बर्फातून पायी नेलेल्या बाया, वाटेत पुरलेली पोरं, मागं वळून पाहणारे म्हातारे, असं तो सांगत जायचा आणि शेवटी, "भावांनो, परत या!" म्हणून असा टाहो फोडायचा, की शेजारच्या गावचे लोकही त्याला लग्नात बोलवून न्यायचे. त्या टाहोवर त्याची सगळी अब्रू उभी होती. आता त्यातलाच एक समोर बसून सहावं अंडं खात होता.

पण तमादानं क्रम मोडून कसं चालेल? तो उभा राहिला. बर्फ आलं, बाया आल्या, पोरं आली. आवाज आज जरा चाचरत होता. "भावांनो," तो म्हणाला आणि अडखळला, कारण "परत या" म्हणावं तर भाऊ समोरच.

"आलों जी," मुर्तझा मदत म्हणून म्हणाला.

एतेरी फसकन हसली आणि तिनं तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला.

"चारशे वर्षं आपण परत या, परत या म्हणतोय," मालखाज चिडून गुरामला म्हणाला, "आणि आलाच एखादा, तर काय करायचं हे आपल्यातल्या एकानंही ठरवून ठेवलं नाही!" मग त्यानं मुर्तझाकडं पेला रोखला. "आता पेला मी तुझ्या हवाली करतो. तू बोल. रडलात का तिकडं? किती रडलात?"

पेला हवाली केला की नाही म्हणता येत नाही, आणि रिकाम्या हातानं बोलताही येत नाही. मुर्तझा गोंधळून नेस्तानकडं बघायला लागला. तेवढ्यात गुराम काही न बोलता उठला, सकाळी तुडवलेल्या द्राक्षांच्या हौदातून ताजा रस तांब्याभर घेऊन आला आणि एका कोऱ्या पेल्यात ओतून त्याच्या हातात दिला. "अजून वाइन झालेली नाही," तो खाली बघत म्हणाला. "आज दिवसभर तरी तुमच्या धर्मात बसेल."

मुर्तझा उभा राहिला. "माझी आजी," तो म्हणाला, "दर गुरुवारीं सांजवेळीं दिवा लाविते आणि तुम्हांसाठीं प्रार्थना करिते."

"आमच्यासाठी?"

"मागें राहिलेल्यांसाठीं. म्हणते, आम्ही तरी सगळे मिळून गेलों; ते बिचारे तेथें एकटे राहिले. त्यांचें काय झालें असेल कोण जाणे."

मालखाजनं आपला पेला टेबलावर ठेवला.

"बिचारे?" मालखाज म्हणाला. "आम्ही बिचारे?"

"होय जी."

"नेलं तुम्हाला, आणि बिचारे आम्ही?"

"लेझगी लुटारू तुमच्यावर आले म्हणे, आम्ही गेल्यावर."

"आले ना! शंभर वर्षं येत होते. ते सोड, मग नादिरशाह आला, मग रशियन आले ते जाईचनात. आणि नव्वदनंतर सहा हिवाळे दिवे नव्हते, मी मेणबत्तीवर वह्या तपासल्या!" एवढं बोलून आपण मुलाची बाजू बळकट करतोय हे मालखाजच्या लक्षात आलं. "पण तुमचंही काही कमी नसेल. सांग की. तुमच्यावर कोण आलं?"

"अफगाण आले."

"बघा!"

"आणि हिंवाळ्यांत लांडगे. बर्फ छतापर्यंत."

"इथंही पडतं बर्फ," एतेरी म्हणाली. "गेल्या वर्षी माझी वांगी गेली."

"गारा," गुराम म्हणाला. "गारांचं कोण बोलणार? तीन सुग्या गेल्या."

"माझे दोन मामा इराकच्या लढाईंत गेले," मुर्तझा म्हणाला. "धाकटा एकोणीस वर्षांचा होता."

मालखाजनं मान खाली घातली आणि त्याला आतून खरंच वाईट वाटलं, पेल्याशिवाय, टाहोशिवाय. एतेरीनं पाहुण्याच्या ताटलीत आणखी एक अंडं सरकवलं.

आता सगळं नीट होईल असं नेस्तानला वाटलं, आणि नेमकं तिथंच तिचं चुकलं. तिनं तोंड उघडलं.

"काका, खरं सांगू? शाहानं नेलेल्यांना खुर्ची आहे. आई इटलीत गेली, तुमचा बाचाना पोलंडात ट्रक चालवतो, शाळेत चौदा पोरं उरलीत. विमानानं गेलेल्यांसाठी इथं साधं स्टूलसुद्धा नाही. जो एक जण उलटा इकडं आलाय, त्याला तुम्ही एकोणीस पेले नुसते बसवून ठेवणार?"

मुलाचं, बाचानाचं, नाव मालखाजसमोर कुणी काढत नसे. त्याचा चेहरा पडला, मग लाल झाला. त्यानं हात लांब करून सुरई उचलली आणि आपला पेला भरला. "सर्व संतांच्या—" तो म्हणाला.

एतेरीनं सरळ त्याच्या पेल्यावर पंजा ठेवला. तमादाच्या पेल्यावर! आमच्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं.

"दादा, हा पेला उचललास तर उद्यापासून तुझा स्वयंपाक तू करायचास."

"हात काढ, एतेरी."

"एक घर तुम्ही सर्व संतांवर घालवलंत. दुसरं नाही घालवू द्यायची मी."

"अगं, तो तिला नेईल!" मालखाज ओरडला. त्याचा आवाज फाटला, आणि त्यात तमादा राहिला नव्हता, नुसता म्हातारा होता. "आज म्हणेल तिब्लिसी, उद्या म्हणेल आई आजारी आहे, चल फेरेदानला. पुन्हा नेतील. बाचाना गेला, लामारा गेली, ही पण जाईल. आणि मी काय करणार? मी पुन्हा इथं उभा राहून भाषण देणार! मला दुसरं येतं काय?"

मुर्तझानं खिशातून फोन काढला.

"वडीलधारे, हें मजशीं बोलूं नका," तो म्हणाला. "आमुच्या घरीं आजी ठरविते. तिला विचारा. तसेंही ती माझ्यावर विश्वास ठेवीत नाहीं."

"कशाबद्दल?"

तेवढ्यात फोन लागला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक कान दिसला, मग पांढऱ्या ओढणीतला सुरकुतलेला चेहरा. मुर्तझानं फोन मालखाजच्या हातात दिला. म्हातारीनं डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"तूं कोण रे?" तिनं विचारलं. "तेथला आहेस?"

"हो," मालखाज म्हणाला.

"खरेंच तेथला? माझा नातू म्हणतो तेथें माणसें आहेत, मांडव आहेत. मला वाटतें माझें मन राखायला बोलतो. आहां कां रे तेथें कोणी?"

मालखाज चाळीस वर्षं तमादा होता. शब्दांसाठी त्याला कधी कुठं थांबावं लागलं नव्हतं. त्यानं फोन फिरवून एतेरी दाखवली, गुराम दाखवला, मांडव, मांजर, खुर्च्या, सगळं दाखवलं. मग स्वतःकडं वळवला.

"आहोत, आई," तो म्हणाला. "आहोत आम्ही."

म्हातारी रडायला लागली. मालखाजही रडायला लागला, आणि ते रडणं त्याच्या नेहमीच्या टाहोसारखं अजिबात नव्हतं. नाक वाहत होतं.

"मुलगी कोठें आहे?" डोळे पुसून म्हातारीनं विचारलं. नेस्तान पुढं सरकली. "हं. बारीक आहे. ऐक रे भाऊ, ही तुझी ना? मग हिला इकडे धाडूं नको. आम्ही एकदां आलों तें पुष्कळ झालें. माझा नातू तेथेंच ठेवून घे. एक तरी परत गेला असें होईल."

मालखाजनं फोन सुरईला टेकवून उभा केला. एतेरीनं पेल्यावरचा हात काढून घेतला. तो उभा राहिला, दोन वेळा खाकरला, आणि सगळे लांबलचक भाषणाची वाट बघायला लागले.

"नेस्तान आणि मुर्तझाच्या नावानं," तो म्हणाला. पुढं त्याला काहीच आठवेना, म्हणून त्यानं पेला रिकामा केला. गुरामनं केला, एतेरीनं केला, मुर्तझानं रस संपवला. नेस्तान काकाच्या गळ्यात पडली. मग सगळेच एकदम बोलायला, हसायला आणि नाक शिंकरायला लागले.

"मुर्तझा," फोनमधून आवाज आला, "हे सगळे काय पितात रे?"

मुर्तझानं एकदा गुरामकडं पाहिलं.

"रस, आजी. द्राक्षांचा."

पडद्यावरची म्हातारी जवळ आली. तिनं मालखाजचं लाल नाक पाहिलं, भरल्या सुरईकडं पाहिलं, एकमेकांना मिठ्या मारणारी ती सगळी माणसं पाहिली.

"पिऊं दे बिचाऱ्यांना," ती म्हणाली. "फार सोसलें आहे त्यांनी."